एक्स्चेंज सर्व्हरचा लॉग ड्राइव्ह गेला? रिपेअर कमांड चालवण्याआधी हे समजून घ्या

ऑफिसचा मेल बंद पडलाय. सर्व्हर तपासला तर लक्षात येतं की ज्या ड्राइव्हवर ट्रान्झॅक्शन लॉग होते तोच ड्राइव्ह गेलाय. डेटाबेसची फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर सुखरूप दिसते, साइजही नेहमीएवढीच आहे. पण माउंट करायला गेलं की मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सरळ नकार देतं. अशा वेळी साहेबांपासून सगळे एकच प्रश्न विचारतात: "मेल तर त्या मोठ्या फाइलमध्येच आहेत ना? मग लॉग नसले तर काय बिघडलं?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं नीट उत्तर माहीत नसलं की माणूस घाईघाईत रिपेअरची कमांड चालवतो, आणि जे मेल वाचू शकले असते तेही जातात. म्हणून आधी आत नेमकं काय चालतं ते बघू, मग उपायांकडे वळू. इथलं बहुतेक सगळं एक्स्चेंज २०१० पासून २०१९ पर्यंतच्या आवृत्त्यांना लागू पडतं. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला असला, तरी अनेक ठिकाणी ते सर्व्हर अजून चालू आहेत.

(कमांड आणि फाइलची नावं लेखात देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.)

रोजकीर्द आणि खतावणी

जुन्या पेढीवर हिशेब कसे ठेवत ते आठवा. दिवसभरातला प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचा, जसा घडला त्याच क्रमाने. मग सवडीने त्यातली एकेक नोंद खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायची. खतावणी म्हणजे खरा हिशेब, पण ती कायम रोजकीर्दीच्या थोडी मागे असते.

एक्स्चेंज अगदी हेच करतं. त्याच्या पोटात एक्स्टेन्सिबल स्टोरेज इंजिन, म्हणजे ईएसई, नावाचं डेटाबेस इंजिन आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा डेटाबेसही याच इंजिनावर चालतो, आणि २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला. नवा मेल आला, कोणी मेल डिलीट केला, कॅलेंडरमधली मीटिंग पुढे ढकलली, की तो बदल आधी लॉग फाइलमध्ये लिहिला जातो. ईडीबी फाइलमधलं पान तेव्हा फक्त मेमरीत बदलतं. डिस्कवरच्या फाइलमध्ये ते नंतर, इंजिनाला सवड मिळेल तसं उतरतं.

असं करण्यामागे कारण आहे. लॉगमध्ये एकामागून एक लिहीत जाणं डिस्कला सोपं जातं. ईडीबी फाइल शेकडो जीबीची, तिच्यात कुठलं पान कुठे असेल सांगता येत नाही. प्रत्येक मेलसाठी तिथे धावाधाव केली तर सर्व्हर मंदावेल.

लॉगची प्रत्येक फाइल १ एमबीची असते (एक्स्चेंज २००३ पर्यंत ती ५ एमबीची होती). चालू फाइलचं नाव ई००.लॉग. ती भरली की तिला क्रमांक मिळतो आणि नवी ई००.लॉग सुरू होते. कुठपर्यंतचे बदल ईडीबीमध्ये उतरलेत याची खूण ई००.सीएचके या छोट्याशा चेकपॉइंट फाइलमध्ये असते. एकट्या सर्व्हरवर साधारण २० एमबी लॉगचे बदल असे अधांतरी राहू शकतात, म्हणजे लॉगमध्ये आहेत पण ईडीबीमध्ये असतीलच असं नाही.

आता कळीचा मुद्दा. लॉग ड्राइव्ह अचानक गेला तर ईडीबी फाइल नुसती "पाच मिनिटं जुनी" राहत नाही. तसं असतं तर फार बरं झालं असतं. तिच्यातली काही पानं आत्ताची असतात, काही दहा मिनिटांपूर्वीची. एखादं पान भरलं की इंजिन त्याची दोन पानं करतं: अर्ध्या नोंदी नव्या पानावर जातात आणि वरच्या पानात नव्या पानाचा पत्ता टाकला जातो. यातलं एक पान डिस्कवर पोहोचलं आणि दुसरं मेमरीतच राहिलं, तर त्या जागी मेळ बसत नाही. खतावणीत एका खात्यावर नावे टाकलंय, दुसऱ्याला जमा करायचं राहिलंय आणि रोजकीर्द जळून गेलीय, अशी ती गत. म्हणून एक्स्चेंज माउंट करायला नकार देतं, आणि ते बरोबरच करतं.

सगळ्यात आधी कॉपी

काहीही करण्याआधी ईडीबी फाइलची दुसऱ्या डिस्कवर कॉपी काढा. चेकपॉइंट फाइल आणि जे काही लॉग हाती लागतील तेही घ्या. १०० एमबी प्रति सेकंद वेग धरला तर ४०० जीबीची फाइल कॉपी व्हायला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. मेल बंद असताना तो तास फार लांब वाटतो आणि इथेच बहुतेक जण कच खातात. पण पुढच्या काही कमांड अशा आहेत की त्या चालल्या की मागे येता येत नाही. प्रयोग करायचे ते कॉपीवर. मूळ फाइलला हात लावू नका.

त्या तासात एक दिलासा असतो. बाहेरून येणारे मेल लगेच हरवत नाहीत. तुमचा सर्व्हर उत्तर देत नसेल तर पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. एसएमटीपीचं मानक सांगतं की किमान ४-५ दिवस प्रयत्न करावा. प्रत्यक्षात सगळे एवढं थांबत नाहीत, खुद्द एक्स्चेंजचं डिफॉल्ट २ दिवसांचं आहे. तरी एखादा तास सहज मिळतो. फक्त सर्व्हर अर्धवट सुरू ठेवून मेल "पत्ता अस्तित्वात नाही" असं सांगत परत पाठवले जाणार नाहीत एवढं बघा.

हेडर काय म्हणतो?

एक्स्चेंजबरोबर ईएसईयूटिल नावाचं टूल येतं. पहिली कमांड ही:

ईएसईयूटिल /एमएच मेल१.ईडीबी

ही काहीच बदलत नाही, फक्त डेटाबेसचा हेडर वाचून दाखवते. त्यात तीन ओळी शोधायच्या. समजा आपल्याला असं दिसलं:

स्टेट: डर्टी शटडाऊन
लॉग रिक्वायर्ड: ४८०८-४८२७
लॉग कमिटेड: ०-४८२८

स्टेटमध्ये "क्लीन शटडाऊन" असेल तर तुम्ही नशीबवान. मेमरीतलं सगळं ईडीबीमध्ये उतरल्यावरच डेटाबेस बंद झाला होता. उरलेसुरले जुने लॉग आणि चेकपॉइंट फाइल बाजूला हलवा, नव्या ड्राइव्हवर लॉगचा फोल्डर त्याच पाथवर तयार करा आणि डेटाबेस माउंट करा. नवे लॉग १ पासून सुरू होतील. एकही मेल जाणार नाही.

यातून एक गोष्ट निघते, जी ड्राइव्ह पूर्ण मरण्याआधी उपयोगी पडते. रेड कंट्रोलर "डिग्रेडेड" म्हणून ओरडतोय किंवा डिस्कच्या एरर वाढतायत, पण लॉग ड्राइव्ह अजून चालतोय, अशा अवस्थेत थांबू नका. डिसमाउंट-डेटाबेस कमांडने डेटाबेस व्यवस्थित बंद करा. ऑफिसची वेळ असली तरी करा. पाच-दहा मिनिटं मेल बंद राहील, लोक कुरकुर करतील. पण एकदा क्लीन शटडाऊन झालं की तो ड्राइव्ह गेला तरी डेटाबेसला त्याची गरज उरत नाही.

डर्टी शटडाऊन असेल तर दुसरी ओळ महत्त्वाची. "लॉग रिक्वायर्ड" म्हणजे मेळ बसवण्यासाठी लागणारच अशा फाइल. आपल्या उदाहरणात ४८०८ ते ४८२७, म्हणजे २० फाइल, एकूण २० एमबी. ड्राइव्हवर हजारो लॉग असतील, पण माउंट करायला हव्यात फक्त या वीस.

या फाइल शोधताना एका ठिकाणी हमखास गोंधळ होतो. हेडरमध्ये आकडे दशमान पद्धतीत दिसतात आणि शेजारी कंसात हेक्साडेसिमल असतात. फाइलच्या नावात मात्र फक्त हेक्साडेसिमल. ४८२७ क्रमांकाची फाइल "४८२७" नावाने शोधलीत तर सापडणार नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतीच सापडेल. तिचं खरं नाव ई००००००१२डीबी.लॉग असं असतं. शोधताना कंसातला आकडा घ्या.

वीस फाइल कुठून आणायच्या?

इथे थोडा वेळ घालवणं फायद्याचं ठरतं, कारण गरज खूप छोटी आहे. मेलेल्या ड्राइव्हवरून ५०० जीबी काढणं कठीण, २० एमबी काढणं त्या मानाने सोपं. रेड १ असेल तर दुसरी डिस्क वेगळ्या मशीनला लावून वाचता येते का बघा. कधीकधी डिस्क ठणठणीत असते आणि बिघाड कंट्रोलरमध्ये किंवा केबलमध्ये असतो. डिस्क दिसतेय पण मध्येच अडकतेय, असं असेल तर तिच्यावर चेकडिस्क चालवू नका. ते वाचण्याबरोबर लिहितंही आणि आजारी डिस्कला आणखी दमवतं. आधी सेक्टर-सेक्टर क्लोन काढा आणि मग क्लोनमधून फाइल शोधा. डिस्क अजिबातच दिसत नसेल तर डेटा रिकव्हरी लॅबला विचारा. विचारताना "सगळा डेटा हवा" असं म्हणू नका, "या नावाच्या वीस फाइल हव्यात" असं सांगा.

आणखी एक जागा लोक विसरतात: अँटिव्हायरसचं क्वारंटाइन. लॉगमध्ये येणाऱ्या मेलचा मजकूर असतो. त्यात व्हायरसची अटॅचमेंट असली तर अँटिव्हायरस अख्खी ई००.लॉग उचलून बंद करून ठेवू शकतो. ड्राइव्ह शाबूत आहे आणि नेमकी एकच लॉग फाइल गायब आहे, असं दिसलं तर पहिला संशय तिथे घ्या. एक्स्चेंजचे फोल्डर अँटिव्हायरसच्या स्कॅनमधून वगळायला सांगतात ते यासाठीच.

सापडलेल्या फाइल एका फोल्डरमध्ये ठेवून ईएसईयूटिल /एमएल ने तपासा. त्या धड आहेत का आणि क्रमात मध्ये खंड आहे का ते कळतं. सगळं ठीक असेल तर:

ईएसईयूटिल /आर ई००

याच्यापुढे लॉग कुठे आहेत आणि डेटाबेस कुठे आहे ते पाथ द्यायचे. याला सॉफ्ट रिकव्हरी म्हणतात. इंजिन रोजकीर्द पहिल्या आवश्यक नोंदीपासून वाचतं आणि खतावणी पुरी करतं. कमांड संपली की पुन्हा /एमएच. आता क्लीन शटडाऊन दिसायला हवं.

तिसरी ओळ, "लॉग कमिटेड", इथे कामाला येते. आपल्या उदाहरणात ४८२८ ही कमिटेड आहे, पण रिक्वायर्ड नाही. म्हणजे तिच्यात काही बदल लिहिले गेले होते, पण त्यातला एकही ईडीबीमध्ये उतरायला सुरुवात झाली नव्हती. ती हरवली तर तेवढे बदल जातील, पण बाकीच्या हिशेबाचा मेळ बिघडणार नाही. तरीही साधी /आर कमांड अडून बसते आणि -५२८ हा एरर देते, म्हणजे लॉग फाइल गहाळ आहे. अशा वेळी शेवटी /ए जोडायचं. "कमिटेड बदल गेले तरी चालतील, पुढे जा" अशी परवानगी त्यातून मिळते. रिक्वायर्डपैकी एक जरी फाइल नसेल तर /ए सुद्धा मदत करत नाही. करूही नये.

बॅकअप आहे, पण जुना

लॉग मिळालेच नाहीत असं धरू. शनिवारी रात्री घेतलेला पूर्ण बॅकअप आहे आणि ड्राइव्ह गेला बुधवारी दुपारी. एरवी बॅकअप रिस्टोअर करून त्यावर शनिवारनंतरचे लॉग चढवले की डेटाबेस बुधवार दुपारपर्यंत येतो. पण लॉगच गेलेत. मधले इन्क्रिमेंटल बॅकअप असतील तर त्यांच्यात लॉग असतात, तेवढ्यापुरतं पुढे येता येतं. नाहीतर आपण शनिवारी रात्रीच अडकलो.

म्हणजे हातात दोन गोष्टी आहेत. शनिवारचा डेटाबेस पूर्ण धड पण जुना. बुधवारचा डेटाबेस ताजा पण मेळ न बसलेला. बरेच जण यातला कुठला घ्यावा यावर डोकं खाजवत बसतात. माझ्या मते दोन्ही घ्यावेत, पण वेगवेगळ्या भूमिकेत.

आधी लोकांचं काम सुरू करा. यासाठी "डायल टोन" नावाची पद्धत आहे. एक कोरा डेटाबेस तयार करायचा, सगळ्यांचे मेलबॉक्स त्याच्याकडे वळवायचे आणि माउंट करायचं. जुने मेल दिसणार नाहीत, पण पाठवणं-घेणं अर्ध्या तासात सुरू होतं. फोन लागतोय, फक्त जुनी डायरी जवळ नाही, असं समजा. मग बाजूला शनिवारचा बॅकअप रिस्टोअर करायचा आणि तयार झाला की अदलाबदल करायची: बॅकअपचा मोठा डेटाबेस लोकांसमोर आणि डायल टोनचा छोटा डेटाबेस रिकव्हरी डेटाबेस म्हणून मागे. उलट का नाही? कारण मग ४०० जीबी इकडून तिकडे न्यावे लागतील. डायल टोनमधले दोन-चार तासांचे मेल न्यू-मेलबॉक्सरिस्टोअररिक्वेस्ट या कमांडने पुढच्या डेटाबेसमध्ये आणणं कितीतरी हलकं काम आहे.

राहिले रविवार ते बुधवारचे मेल. त्यासाठी तो मेळ न बसलेला डेटाबेस, म्हणजे त्याची कॉपी. आता कुठे /पी ची वेळ येते.

/पी नेमकं काय करतं

ईएसईयूटिल /पी ला हार्ड रिपेअर म्हणतात. नावावरून वाटतं की हे डेटाबेस दुरुस्त करतं. खरं तर ते एकेक पान तपासतं, ज्या पानाची सांगड लागत नाही ते टाकून देतं आणि उरलेल्यातून मेळ बसणारा डेटाबेस उभा करतं. टाकलेल्या पानात जमा-खर्चाचा कागद होता की जाहिरातीचा मेल, याची त्याला पर्वा नसते. बऱ्याचदा नुकसान किरकोळ असतं. कधीकधी एखाद्याचा अख्खा फोल्डर जातो. आधी सांगता येत नाही, हीच खरी अडचण. म्हणून कोणी "माउंट होत नाहीये? /पी मार" असा सल्ला दिला तर ऐकू नका, निदान कॉपी काढल्याशिवाय तरी.

/पी चाललेल्या डेटाबेसच्या हेडरमध्ये रिपेअर काउंट वाढतो. २०१५ पासून मायक्रोसॉफ्टची भूमिका स्पष्ट आहे: असा डेटाबेस कायम वापरायचा नाही. तो माउंट झाला तरी सगळे मेलबॉक्स दुसऱ्या नव्या डेटाबेसमध्ये हलवायचे आणि याला निरोप द्यायचा. पूर्वी /पी नंतर /डी ने डीफ्रॅग करून तोच पुढे वर्षानुवर्षं चालवण्याची पद्धत होती. जुन्या लेखांमध्ये अजून ती सापडेल, तिच्या मागे जाऊ नका.

आपल्या उदाहरणात तर तो लोकांसमोर आणायचाच नाहीये. रिपेअर झालेली कॉपी रिकव्हरी डेटाबेस म्हणून माउंट करा आणि त्याच रिस्टोअर रिक्वेस्टने शनिवारच्या डेटाबेसमध्ये मिसळा. जे मेल तिकडे आधीच आहेत ते दुसऱ्यांदा येत नाहीत, जे नाहीत ते भरले जातात. रिपेअरमध्ये जुने मेल उडाले असतील तरी ते बॅकअपमधून आलेलेच आहेत. अशाने नुकसान शेवटच्या चार दिवसांतल्या काही पानांपुरतं उरतं.

बॅकअप मुळीच नसेल तर /पी हाच मुख्य रस्ता, आणि मग रिपेअर झालेल्या डेटाबेसमधून सगळे मेलबॉक्स बाहेर काढायचे.

सर्व्हरबाहेरच्या प्रती

दोन जागा अजून तपासायच्या राहिल्या. एक्स्चेंज २०१३ पासून "सेफ्टी नेट" असतं. पोहोचवलेल्या मेलची प्रत सर्व्हर डिफॉल्टने २ दिवस आपल्या रांगेच्या डेटाबेसमध्ये ठेवतो. ॲड-रिसबमिटरिक्वेस्ट या कमांडला डेटाबेस आणि वेळ दिली की त्या काळातले मेल पुन्हा पोहोचवले जातात. ही रांग सहसा एक्स्चेंज इन्स्टॉल केलेल्या ड्राइव्हवर असते, त्यामुळे लॉग ड्राइव्हबरोबर ती गेली नसण्याची शक्यता चांगली. मात्र यातून फक्त आलेले मेल मिळतात. कोणी केलेला ड्राफ्ट, बदललेली मीटिंग, फोल्डरमध्ये लावलेली व्यवस्था यातलं काहीच नाही.

दुसरी जागा म्हणजे लोकांचे स्वतःचे कॉम्प्युटर. आउटलुक कॅश्ड मोडमध्ये असेल तर मेलबॉक्सची प्रत ओएसटी फाइलमध्ये त्यांच्याच हार्ड डिस्कवर असते. डायल टोन सुरू झाल्यावर आउटलुक विचारतं की तात्पुरता मेलबॉक्स वापरायचा की जुना डेटा बघायचा. हा प्रश्न पाहून लोक बिचकतात, आणि कोणीतरी हौशी सहकारी "प्रोफाइल नवीन बनव, सगळं ठीक होतं" असं सांगतो. नवं प्रोफाइल म्हणजे कोरी ओएसटी. म्हणून मेल सुरू करण्याआधीच सगळ्यांना निरोप पाठवा, व्हॉट्सॲपवर का होईना: प्रोफाइल डिलीट करू नका, आउटलुक रीइन्स्टॉल करू नका. ज्याचे मेल फारच महत्त्वाचे आहेत त्याच्या आउटलुकमधून ऑफलाइन राहून पीएसटीमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवा.

सगळं माउंट होऊन मेल वाहायला लागले की त्याच दिवशी नवा पूर्ण बॅकअप घ्या, रात्रीच्या शेड्यूलची वाट न बघता. लॉगची मालिका नव्याने सुरू झालेली असते, त्यामुळे शनिवारच्या बॅकअपवर आजचे लॉग चढवता येत नाहीत. नवा बॅकअप होईपर्यंत तुमच्याकडे ताजं काहीच नसतं. आणि सुरुवातीला काढलेली ती डर्टी ईडीबीची कॉपी जागा अडवते म्हणून लगेच उडवू नका. महिनाभर ठेवा. मंगळवारी आलेलं एक कोटेशन सापडत नाही, असं सांगत अकाउंट्समधलं कोणीतरी पंधरा दिवसांनी नक्की येतं.